आमच्या वाटणीची प्रार्थना

यंदा राख आणि रिक्षा एकाच सकाळी आल्या. राखेच्या बुधवारी फादरांनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस ओढला, 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील' असं दरवर्षीसारखं बजावलं, आणि मी चर्चच्या फाटकाबाहेर येते तोच प्रचाराची रिक्षा कर्णा लावून समोरून गेली. आपल्या हक्काच्या माणसाला भरघोस मतांनी निवडून द्या म्हणे. आधी गुजरातीत, मग सुरतेचं उधना मराठी कामगारांचं म्हणून मराठीत, मग हिंदीत. एकाने मातीत घातलं, दुसऱ्याने लगेच डोक्यावर घेतलं. ईस्टरच्या आधीचा आमचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ आणि निवडणूक असे हातात हात घालून आले की माझं डोकं हमखास तापतं. शाळेत मुलांनी विचारलं, बाई, कपाळाला काळं काय लागलंय. मी म्हटलं, बाळांनो, बाईंना राग आलाय.

राग जुना आहे. नव्वदच्या दशकातल्या एका प्रायश्चित्तकाळातला आहे. बारावी होऊन मी घरी होते, मतदारयादीत नाव पहिल्यांदाच आलं होतं, आणि बोटाला शाई कधी लागते याची मला लग्नाच्या मेंदीपेक्षा जास्त घाई होती. तेव्हाही हे दोन्ही मोसम असेच एकमेकांत घुसले होते. फेब्रुवारी सरत आलेला. तापीकाठचा पोंक संपायला आला की गाडीवाले 'छेल्लो छेल्लो', शेवटचा शेवटचा, म्हणत ते ज्वारीचे हिरवे भाजलेले दाणे चढ्या भावाने विकतात, तसे ते विकत होते. चलथाणच्या साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रक रस्त्यावर कांड्या सांडत जायचे आणि वारा तिकडून आला की मळीचा आंबूस वास थेट आमच्या चाळीपर्यंत यायचा. बमरोलीच्या खाडीत साड्या रंगवण्याचं पाणी उतरायचं, आज हिरवं तर उद्या गुलाबी. प्रायश्चित्तकाळात आमच्या वेदीवर जांभळं वस्त्र असतं. खाडीही एखाद्या दिवशी जांभळी झाली की आई म्हणायची, तिलाबी उपास लागले बघ.

शुक्रवारी आमच्या घरी मटण-मासळी नसायची, तर शेजारची सखुबाई वांग्याचं भरीत पाठवायची. सखुबाई धुळ्याकडची, घरात अहिराणी बोलणारी, रोज पहाटे तुळशीला पाणी घालणारी. आमचा उपास तिनेच जास्त मनावर घेतला होता. संध्याकाळी चर्चच्या अंगणात क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, असायची. येशू पहिल्यांदा पडतो, दुसऱ्यांदा पडतो, तिसऱ्यांदा पडतो, आणि दर थांब्याला आम्ही तापलेल्या फरशीवर गुडघे टेकायचो. भिंतीपलीकडे मागांची खडखड अखंड चालू. कधी कधी त्या खडखडीत फादरांचा आवाज बुडून जायचा आणि प्रभू मग कुणालाच न कळता पडायचा.

आमच्या त्या चर्चमध्ये अख्खा देश मावला होता. पुढच्या बाकांवर गोव्याची मंडळी, बँकेत नाहीतर रेल्वेत चांगल्या हुद्द्यावरची. त्यांच्या मागे मल्याळी नर्सेस आणि शाळामास्तर. मध्ये आणंद-नडियादकडचे गुजराती. डाव्या हाताला व्याऱ्याच्या पलीकडून आलेले आदिवासी, त्यांच्यात बांधकामावर मुकादम असलेले गामीतकाका. आणि सगळ्यात मागे, दाराच्या वाऱ्याला, आम्ही नगर जिल्ह्यातले. कुणी तिथे बसा म्हणून सांगितलं नव्हतं, पण बसायचो तिथेच. पोप सगळ्यांचा एक, क्रूस एक, रविवारच्या उपासनेची मिस्सा एक. बाकी भाजीच्या फोडणीपासून मताच्या शिक्क्यापर्यंत एकाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं.

नगरकडे आमच्या खापरपणजोबांच्या पिढीने जर्मन फादरांकडून बाप्तिस्मा घेतला तो गावकुसाबाहेरच्या वस्तीत. बाप्तिस्म्याने वस्ती हलली नाही. बाबा सुरतेला आले आणि पहिल्यांदा कुसाच्या आत आले, कारण इथे कुस कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शांतवन हे त्यांचं नाव ऐकून कुणी त्यांना मद्रासी समजायचं, कुणी गोव्याचं. बमरोलीच्या एका मागाच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षं बारा तासांची पाळी करत होते आणि तिथल्या माठातलं पाणी सगळ्यांसारखं त्याच पेल्याने पीत होते. त्या पाण्याची चव गावच्या विहिरीला नाही, असं ते आईला सांगायचे. का ते मला फार उशिरा कळलं.

मग त्या वर्षी आमच्याच जिल्ह्यातला, शेजारच्या तालुक्यातला एक माणूस तिथे नवा मुकादम म्हणून आला. गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि बाबांची जात बसने सुरतेला येऊन पोचली. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी बाबांनी माठाला हात लावला तेव्हा त्याने सगळ्यांदेखत शिवी दिली. ती शिवी इथे लिहिणार नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. बाबांनी तरीही पेला भरला. त्याने तोच पेला हिसकावून बाबांच्या कानावर मारला. सोबतचे कामगार वाईट नव्हते, पण माग थांबवून कोण बघणार. दुसऱ्या दिवशी फादरांनी बाबांच्या कपाळावर राख लावली तेव्हा कान सुजून लाल झाला होता.

आईने बाबांना जवळजवळ ओढतच पोलीस चौकीवर नेलं, आणि गुजराती बोलायला हवं म्हणून मलाही. जमादार माणूस सभ्य होता, आम्हाला बसायला बाकडं दिलं. सगळं ऐकून घेतलं. जातीवरून मारलं म्हणता, तर त्याचा कायदा कडक आहे, असं म्हणाला. मग नावं लिहिताना त्याचं पेन थांबलं. तुम्ही ख्रिस्ती का, असं त्याने विचारलं, आणि आईने अभिमानाने गळ्यातला क्रूस पुढे काढला. मग तो कायदा तुम्हाला नाही, असं त्याने समजावलं. ख्रिस्ती माणसाला जात नसते, साधी मारामारी म्हणून लिहून घेतो.  मारणाऱ्याच्या लेखी जात होती, मार खाणाऱ्याच्या कानात होती, फक्त सरकारच्या लेखी ती निघून गेली होती.

मी घरी येऊन पायरीवर रडत बसले, तर सखुबाई भांडी घासायची सोडून आली. तिला सगळं सांगितलं. तिला ते कायद्याचं नीट कळलं नाही, पण मुद्दा तिने बरोबर पकडला.

"तुना देव बी जात इचारस का वं?" तिने विचारलं.

देव विचारत नाही, असं मी म्हटलं. मग हे लोक देवाला मधी का घालतात, असं म्हणून ती पुन्हा भांड्यांकडे वळली. माझं रडं तिथेच थांबलं. त्या जागी जे आलं ते आजतागायत गेलेलं नाही.

त्याच आठवड्यात चर्चच्या सभागृहात बैठक भरली. आमच्या भागातले उमेदवार येऊन ख्रिस्ती मतदारांना भेटणार होते. तेव्हा प्रत्येक समाजाने एक प्रश्न द्यायचा, आणि मतदानाला दोन आठवडे असतानाच्या रविवारी सगळ्यांची मिळून एकच मिस्सा होणार होती, तिच्यात प्रत्येकाच्या वाटणीची एक प्रार्थना वाचायची, असं ठरलं. समितीचे अध्यक्ष डिमेलो अंकल. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा बुशशर्ट, आवाज गोड. त्यांचा प्रश्न तयार होता: परीक्षांची वेळापत्रकं लावताना गुड फ्रायडेला पेपर ठेवू नका, आणि दफनभूमीची भिंत बांधून द्या. मल्याळी मास्तरांना ख्रिस्ती शाळांच्या कारभारात सरकारची ढवळाढवळ नको होती. त्यांच्या राज्यात त्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, हे सांगताना ते खुर्चीतून अर्धे उठले. गामीतकाकांना जंगलातल्या जमिनीचा सातबारा हवा होता, बाकी काही नको. गुजराती मंडळींना शांतता हवी होती. ती ते हळू आवाजातच मागत होते.

मला त्यात गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू. एकाच वेदीवरची भाकर खाणारी ही माणसं, आणि प्रत्येकाच्या पोटात निराळी भूक. आमच्याच भाषेचे वसईचे कॅथलिक त्या काळात विहिरींच्या पाण्यासाठी आणि केळीच्या वाड्यांसाठी बिल्डरांशी झुंजत होते. आई उमेदीने बसली होती. तिची पाळी आली तेव्हा तिने उभं राहून बाबांचं नाव न घेता चौकीतली गोष्ट सांगितली आणि हाच आमचा प्रश्न म्हणाली.

 डिमेलो अंकल गोड आवाजात म्हणाले, बाई, दुःखाची गोष्ट आहे, पण चर्चमध्ये कास्ट आणू नका. कास्ट आपल्यात नाहीच. हे म्हणणाऱ्या अंकलनी आदल्याच वर्षी मुलीसाठी स्थळ बघताना 'आपल्यातलाच' मुलगा हवा म्हणून दोन चांगली स्थळं परत पाठवली होती, आणि ती दोन्ही घरं कॅथलिक होती. हे सगळ्या चर्चला माहीत होतं. कुणी हसलं नाही. आमच्या वाटणीला कामगारांच्या आरोग्याची प्रार्थना द्यावी असं ठरलं आणि चहा आला.

मोठे फादर त्या बैठकीत काही बोलले नाहीत. मोठे फादर म्हणजे स्पेनहून तरुणपणी आलेले, आता पिकलेल्या दाढीचे, चरोतरी गुजराती अशी बोलायचे की आणंदचा माणूस चकित व्हावा. ते आमच्या बाजूने बोलतील असं मला वाटलं होतं. ते चहात साखर ढवळत राहिले.

पुढच्या रविवारी प्रायश्चित्तकाळाचं प्रवचन द्यायला एक परदेशी पाहुणे फादर आले. उंच, तांबूस, डोळ्यांत तळमळ. वेदीवरून त्यांनी सांगितलं, कॅथलिक माणसाने मत देताना पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच विचारावा: गर्भातल्या जिवाबद्दल हा उमेदवार काय म्हणतो. बाकी प्रश्न दुय्यम. मोठे फादर शेजारी उभे राहून गुजरातीत सांगत गेले. पाहुण्यांच्या देशात निवडणुका याच प्रश्नावर उभ्या-आडव्या होतात, चर्चच्या दारात लोक फलक घेऊन थांबतात, असं नंतर कळलं. आमच्याकडच्या उमेदवारांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी आधी दवाखान्याचा पत्ता विचारला असता.

पण आईला मी नीट ओळखलं नव्हतं. मला वाटलं ती फणकारेल. ती तर पदराने डोळे पुसत बाहेर आली. त्या वर्षांत सुरतेत गल्लोगल्ली सोनोग्राफीच्या पाट्या लागल्या होत्या आणि मुलगी आहे कळलं की सुना चार दिवस माहेरी जाऊन रिकाम्या पोटाने परत यायच्या. आई त्याच दुपारी सखुबाईच्या सुनेकडे गेली, दार लावून तिच्याशी तासभर बोलली. तेव्हा सुनेच्या पोटात होती ती मुलगी आज आमच्याच शाळेत शिकवते, एवढंच सांगते. संध्याकाळी भाकरी थापताना आई म्हणाली, "त्यो गोरा फादर बोलला ते बी खरं हाय. पण तेच येकलं खरं, हे त्याला कुणी सांगितलं?"

मला अजून यापेक्षा बरं काही सुचलेलं नाही. जो तो आपल्या गावची विहीर घेऊन चर्चमध्ये येतो आणि हाच समुद्र आहे म्हणतो. पाहुण्यांची विहीर तेवढी वेदीवर चढली, आमची सभागृहातच बुजवली गेली. फरक एवढाच होता, आणि तो मला सहन झाला नाही.

प्रार्थना वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्यात गुजराती सफाईने वाचणारी मीच होते. मिस्सेत न जाणाऱ्यांसाठी सांगते, या प्रार्थनांची एक रीत आहे. एक जण मागणं वाचतो आणि शेवटी 'प्रभूकडे प्रार्थना करू या' म्हणतो, की अख्खं चर्च एका सुरात उत्तर देतं. हे प्रभु, अमारी प्रार्थना सांभळो. म्हणजे, आमची प्रार्थना ऐक. पाठ झालेलं असतं. पोरं खिडकीबाहेर बघत म्हणतात, म्हातारे डुलक्या घेत म्हणतात. काय मागितलं हे कानात शिरायच्या आधी तोंड उत्तर देऊन मोकळं होतं. माझी सगळी मदार त्या सवयीवर होती.

त्या रविवारी चर्च दाराबाहेरपर्यंत भरलं होतं. डिमेलो अंकलनी दफनभूमीसाठी मागितलं, लोकांनी उत्तर दिलं. शाळांसाठी, जमिनीसाठी, शांततेसाठी मागून झालं, लोकांनी उत्तर दिलं. मग मी गेले.  हातात समितीने दिलेला कागद होता, त्याकडे मी पाहिलंच नाही. ज्यांना जातीवरून मारलं जातं आणि ख्रिस्ती आहेत म्हणून ज्यांच्या पाठीशी कायदा उभा राहत नाही, त्यांना न्याय मिळावा, त्यांत या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलेले माझे बाबाही आहेत, म्हणून प्रभूकडे प्रार्थना करू या, असं मी गुजरातीत म्हटलं.

हे प्रभु, अमारी प्रार्थना सांभळो.

सगळ्यांनी म्हटलं. पुढच्या बाकांनी म्हटलं, मधल्या बाकांनी म्हटलं, गामीतकाकांनी तर जरा मोठ्यानेच म्हटलं. डिमेलो अंकलचे ओठ हलताना मी स्वतः पाहिले. मग एकेक डोकं वर उठू लागलं. आपण कशाला होकार दिला ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटत गेलं, आणि मला इतका आनंद झाला की तो प्रायश्चित्तकाळाला मुळीच शोभणारा नव्हता. मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. आई ताठ बसली होती. बाबा मात्र खाली मान घालून दाराबाहेर पडत होते.

मिस्सेनंतर मला वेदीमागच्या खोलीत बोलावलं. डिमेलो अंकल संतापले होते आणि संतापातही गोड बोलत होते. मी अख्ख्या मंडळीला फसवलं, पुढच्या रविवारी उभं राहून ती प्रार्थना मागे घ्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. मी मोठ्या फादरांकडे वळले.

"फादर, म्हटलेली प्रार्थना मागे घेता येते का?"

त्यांनी अंगावरचं जांभळं वस्त्र उतरवून खुंटीला लावलं, खुर्चीत बसले आणि अंकलना बाहेर जायला सांगितलं. मग मला जे सांगितलं ते मी विसरलेले नाही. ते लहान होते तेव्हा त्यांच्या गावात चर्चने एका बाजूचा झेंडा वेदीला लावला होता. रविवारी प्रवचनात ज्यांची नावं यायची ती माणसं सोमवारी घरात नसायची. त्यांचे एक काका त्यांत होते. तेव्हापासून वेदीवरून राजकारण निघालं की माझे पाय थंड पडतात, असं ते म्हणाले. सभेत मी गप्प बसलो तो त्यामुळे. मला त्यांची दया आली. माझा राग मात्र तसूभरही कमी झाला नाही. मी म्हटलं, फादर, मग पाहुण्यांचं प्रवचन तुम्हीच गुजरातीत का सांगितलंत.  जा घरी, असं ते म्हणाले, आणि प्रार्थना मागे घेण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्या शनिवारी पापनिवेदनाची रांग होती. सगळ्या चर्चला वाटत होतं की मी आता त्या प्रकाराची क्षमा मागणार. मी जाळीपाशी गुडघे टेकून आईशी उलटून बोलल्याचं, शुक्रवारी बाहेर अंड्याचं ऑमलेट खाल्ल्याचं, मैत्रिणीचा हेवा केल्याचं सांगितलं. जाळीपलीकडून मोठ्या फादरांनी विचारलं, आणखी काही. नाही, मी म्हटलं.   त्यांनी नेहमीसारखी क्षमा उच्चारली. त्या प्रायश्चित्तकाळात मी जे काही केलं त्यात प्रायश्चित्त न घेतलेलं तेवढंच एक आहे, आणि ते मी वर जाईन तेव्हाही घेणार नाही.

खरी शिक्षा घरात होती. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचा राग अंकलच्या रागासारखा नव्हता, तो मला कळत होता आणि म्हणूनच लागत होता. सुरतेत त्यांनी काय कमावलं होतं, तर कुणाला आपलं काही ठाऊक नसणं. मुकादमाने ते कारखान्यात घालवलं, आणि जिथे उरलं होतं तिथे मी घालवलं. पोरीने माझी अब्रू वेशीवर टांगली, असं ते आईला म्हणाले. आई म्हणाली, अब्रू ज्याची जायला पायजे त्याची मिरवतीय, तुमची कशी गेली.  जेवताना मी वाढलं तर बाबा ताट बाजूला सरकवायचे आणि आईने वाढलं तर जेवायचे. मी तेव्हा खूप रडले, पण माघार घ्यावी असं एकदाही वाटलं नाही.

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे. त्या कायद्याचं काय झालं म्हणून लोक विचारतात. काही झालं नाही. आयोग नेमतात, अहवाल लिहितात, तारखा पडतात. आमच्यातलेच जे बाबासाहेबांच्या वाटेने बौद्ध झाले त्यांना कायद्याने जवळ घेतलं, त्याचा मला आनंदच आहे, ते माझे मावसभाऊच आहेत. एका आजीची नातवंडं, तीच शिवी खाणारी, आणि एकाची तक्रार लिहून घेतात, दुसऱ्याला धर्म विचारतात. चर्चचे मोठे लोक आता आमच्या बाजूने पत्रकं काढतात, मोर्चे नेतात, हेही खरं. कुठल्या देशात कॅथलिकांनी कशासाठी मत द्यावं यावर विद्वान लोक जाडजूड लिहितात. लिहू देत. आमच्या प्रश्नाचा नंबर त्यांच्या यादीत कितवा लागतो हे बघत बसायला मला वेळ नाही.

त्या वर्षीची उमेदवारांची भेट मात्र सांगायची राहिली. ती मतदानाच्या आधीच्या गुरुवारी झाली. सभागृहात चुन्याचा वास, लाल खुर्च्या, हार. मी पुन्हा काही बोलू नये म्हणून मला पाहुण्यांना सरबत द्यायला लावलं होतं. आला तो एकच उमेदवार, हसतमुख, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, इथल्या मतांसाठी मराठी समजून घेणारा. अंकलनी समितीचे प्रश्न वाचले. दफनभूमीची भिंत त्याने जागेवर मंजूर केली. गुड फ्रायडेची वहीत नोंद करायला लावली. शाळा, जमीन, शांतता, सगळ्याला तो हो म्हणत गेला. आमच्या वाटणीला कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न आला. दवाखाना काढू म्हणाला. टाळ्या पडल्या. अंकल आभार मानायला उठले.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली आणि बाबा उभे राहिले. पाळीवरून थेट आले होते, सदऱ्यावर सुताचे बारीक तंतू तसेच होते. माझ्या हातात सरबताचा ट्रे होता, तो मी खिडकीत ठेवला. मला वाटलं, आता हे सगळ्यांदेखत माझ्या वतीने माफी मागणार. बाबा चाचरत गुजरातीत सुरू झाले. मला कानावर मारलं. जातीची शिवी देऊन मारलं. चौकीत ख्रिस्ती आहेस म्हणून कायदा लागत नाही म्हणाले. तुम्ही निवडून आलात तर याचं काय करणार.

 उमेदवाराने हात जोडले आणि फार प्रेमाने म्हणाला, "पण काका, ख्रिस्ती धर्ममां तो नात-जात छे ज नहीं."

बाबांनी मान हलवली. गुजराती त्यांना पुरेना, ते नगरच्या मराठीवर आले.

"मला म्हाईत हाय, सायेब. ज्यानं मारलं त्याला म्हाईत न्हाई. त्याला जाऊन सांगा."

उमेदवाराचे जोडलेले हात तसेच राहिले. आभार मानायला उठलेले अंकल खाली बसले. बाबा मात्र बसले नाहीत, उत्तर मिळेपर्यंत ते उभेच होते.